पीएमईजीपी कर्ज: टीडीआरमधल्या (मुदत ठेवीतल्या) अनुदानाच्या रकमेवरही बँक व्याज लावतेय, मदत हवी आहे

सातारा जिल्ह्यात, ग्रामीण भागात मसाला कांडप युनिट आहे, पीएमईजीपीतून (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम, नव्या उद्योगासाठी कर्ज आणि अनुदान देणारी सरकारी योजना). अर्जदार महिला, म्हणून अनुदान ३५ टक्के. प्रकल्प ९ लाखांचा: मशिनरी ७.२० लाख, खेळतं भांडवल १.८० लाख. स्वतःचे ५ टक्के म्हणजे ४५,००० भरले, बँकेचं कर्ज ८.५५ लाख. ईडीपी (उद्योजकता विकास) प्रशिक्षण झालं, अनुदानाचा क्लेम गेला, अनुदानाचे ३.१५ लाख बँकेत आले आणि तीन वर्षांसाठी टीडीआरमध्ये ठेवले.

योजनेच्या नियमाप्रमाणे टीडीआरवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्याच कर्जावर बँकेने व्याज आकारायचंही नसतं. पण स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला पूर्ण थकबाकीवर व्याज लागतंय. दर ११ टक्के, म्हणजे ३.१५ लाखांवर वर्षाला ३४,६५० जास्तीचे. छोट्या युनिटला हा आकडा लहान नाही.

शाखेत लेखी अर्ज दिला, पोच आहे. उत्तर तोंडी: ‘सिस्टीम पूर्ण बॅलन्सवरच व्याज काढते, अनुदान तीन वर्षांनी वळतं होईल.’ मला वाटतं टीडीआर कर्जखात्याशी लिंकच केलेली नाही. जिल्हा उद्योग केंद्राने ‘बँकेशी बोला’ म्हणून परत पाठवलं.

हप्ते वेळेवर आहेत, खातं एनपीए (थकीत) नाही. बँक बदलायची नाही, कारण अनुदानासाठी युनिटची प्रत्यक्ष पडताळणी अजून व्हायची आहे.

ज्यांनी हे दुरुस्त करून घेतलंय त्यांनी सांगा: अर्जात मार्गदर्शक सूचनांचा नेमका कोणता मुद्दा उद्धृत करायचा? टीडीआरच्या तारखेपासूनचं व्याज परत मिळालं का? आणि शाखेनंतर थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं, की आधी बँकेचं विभागीय कार्यालय लागतंच?