शब्दचर्चा: 'ग्रेन' म्हणजे दाणा का?

प्रश्न: अमेरिकेतला माझा भाचा रायफलची काडतुसं घरीच भरायला शिकतोय. त्याच्या टिपणांचं मराठी करतेय. 'ग्रेन'ला 'दाणे' आणि 'केस'ला, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याला, 'कवच' चालेल का?

प्रतिसाद: 'दाणे' कृपा करून नको! ग्रेन हे वजन आहे, साधारण ६५ मिलिग्रॅम. ७००० ग्रेनचा एक पौंड. इंग्रजी अमलातला तोळा १८० ग्रेनचा ठरला होता, आणि .३० कॅलिबरच्या (नळीचा व्यास सुमारे ०.३० इंच) रायफलींना १८० ग्रेनची गोळी आजही सर्रास वापरतात. म्हणजे गोळी बरोबर एक तोळ्याची. गोळीला ढकलणाऱ्या, जळणाऱ्या पावडरचे कण एका ग्रेनमध्ये कितीतरी मावतात, तेव्हा 'अमुक दाणे पावडर' वाचून कुणी मोजायला बसलं तर अनर्थ होईल. ०.१ ग्रेन दाखवणारा काटा लागतो. काडतुसं भरण्याच्या पुस्तकात आपल्या गोळीला आणि आपण घेतलेल्या नेमक्या पावडरला दिलेल्या सर्वात कमी वजनापासून सुरुवात करून थोडं थोडं वाढवत जायचं, कमाल आकड्यापुढे जायचं नाही. पावडर बदलली की आधीचा आकडा बाद.

प्रतिसाद: 'कवच'पेक्षा 'पुंगळी' घ्या. 'घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' हे आपण पेपरात वाचतोच. काडतूस म्हणजे पुंगळी, प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), पावडर आणि गोळी मिळून अख्खी वस्तू. त्यातली पुंगळीच तेवढी पुन्हा वापरता येते. बार उडाला की पुंगळीचं पितळ चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या खोबणीच्या, मापाला फुगतं. ते डायमध्ये (साच्यात) दाबून मापात आणायचं, जुना प्राइमर काढायचा, वाढलेलं तोंड कापून सगळ्या पुंगळ्या एका लांबीच्या करायच्या. नेम सुधारतो तो या सारखेपणामुळे. आणि 'पावडर'ला 'दारू' लिहू नका. वाचणाऱ्याला ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू वाटेल. एकीच्या मापाने दुसरी भरली तर बंदूक फुटू शकते.

प्रश्नकर्ती: पुंगळी आवडली! स्वप्नील कुसाळेसारखे आपले नेमबाजही काडतुसं भरून घेतात का?

प्रतिसाद: नाही. त्याने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्य मिळवलं, त्या प्रकारात .२२ची रिमफायर काडतुसं लागतात. त्यांत वेगळा प्राइमर नसतो, पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो आणि ती कड बंदुकीच्या पिनने चेपली जाते, त्यामुळे ती पुन्हा भरता येत नाहीत. म्हणून असे नेमबाज कारखान्याचे वेगवेगळे लॉट (एकत्र बनलेल्या खेपा) आपल्याच रायफलीतून उडवून बघतात आणि ज्याचा ग्रुप घट्ट पडेल, म्हणजे गोळ्यांची भोकं जवळजवळ पडतील, तो लॉट घेतात. तिथे 'भरणं' नाही, 'निवडणं' म्हणा.