मुलांच्या बेसबॉल टीमसाठी मदत हवी आहे: दोन पिचर (बॉल टाकणारे) जायबंदी, उरलेले तिसऱ्या इनिंगला कोसळतात, शनिवारी मॅच

वीकेंडकोच, बुधवार रात्री १०:४०
नमस्कार मंडळी. शनिवारपासून टूर्नामेंट आहे आणि पिचरच उरलेले नाहीत. एकाचं कोपर दुखतंय, एकाचा खांदा. उरलेले दोन स्टार्टर (मॅच सुरू करणारे पिचर) पहिल्या दोन इनिंग्ज बरे टाकतात आणि तिसऱ्यात वॉकवर वॉक (चार बॉल बाहेर, बॅटरला फुकट बेस). काय करू? "मुलांना मजा करू द्या" हे मला मान्य आहे, ते परत लिहू नका. नेमका उपाय सांगा, घाई आहे.

तिसरा_बेस, १०:५२
मुलांचं वय किती? लिटिल लीग (मुलांची स्थानिक लीग) की ट्रॅव्हल टीम (बाहेरगावच्या स्पर्धा खेळणारी)? मॅच किती आणि कोणत्या दिवशी? हे कळल्याशिवाय जो काही सांगेल तो अंदाजपंचे सांगेल. ट्रॅव्हलच्या बऱ्याच स्पर्धांत इनिंग्ज मोजतात, लिटिल लीगमध्ये पिच, म्हणजे टाकलेले बॉल, मोजतात. सगळा हिशोब वेगळा होतो.

सनीवेलकर, १०:५८
कोपराला महानारायण तेल कोमट करून रात्री हलक्या हाताने चोळा आणि वरून मिठाच्या पुरचुंडीने शेक द्या. दोन दिवसांत फरक पडतो.

मेघना_फिजिओ, ११:०५
सनीवेलकर, इथे तेल नको, कृपया. वीकेंडकोच, कोपर आतून दुखतंय की बाहेरून? हात पूर्ण सरळ होतो का? डॉक्टरांनी पाहिलंय का?
तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या कोपरात आतल्या उंचवट्यापाशी वाढीची कूर्चा असते, ती अजून हाडाशी जुळलेली नसते. प्रत्येक थ्रोला स्नायू आणि लिगामेंट तिलाच खेचतात. मोठ्या पिचरचं लिगामेंट जातं, मुलांत त्याआधी ही कूर्चा दुखावते. चोळून दुखणं दबलं की मूल परत टाकायला लागतं, आणि तेच घातक.

वीकेंडकोच, ११:२०
वय १३, दोघं १४ चे. लिटिल लीग ज्युनियर्स, न्यू जर्सी. शनिवारी एक मॅच, रविवारी एक, आणि बुधवारी लीगची नेहमीची. सात इनिंग्ज. कोपर आतून दुखतं, डॉक्टरांकडे नेलेलं नाही, घरी बर्फ लावतायत. रविवारपर्यंत बरा होईल असं पालक म्हणतात. खांदेवाल्याला डॉक्टरांनी थ्रो पूर्ण बंद सांगितलाय, त्याला मी धरलेलाच नाही. आता पिचिंगचं बोला ना.

मेघना_फिजिओ, ११:३१
पिचिंगचंच बोलते आहे. हा मुलगा रविवारी टाकणार नाही, हे आधी लाइनअपमध्ये लिहून टाका. बर्फाने वेदना बधिर होते, कूर्चा भरून येत नाही. आधी मुलांच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. एक्सरे बहुतेक दोन्ही कोपरांचा काढतात, कारण दुखऱ्या बाजूची फट रुंदावली आहे की नाही हे चांगल्या कोपराशी ताडून पाहिलं की कळतं. निदान तेच निघालं तर साधारण चार ते सहा आठवडे थ्रो बंद, मग थोड्या अंतरापासून टप्प्याटप्प्याने सुरुवात. शॉर्टस्टॉपवरून (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवरून) फर्स्टला, म्हणजे पहिल्या बेसला, फेकणं हाही थ्रोच, त्यामुळे "पिच नको, शॉर्टला उभा करतो" ही पळवाट नाही.
आणखी एक. बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या पाहणीत, दमलेल्या हाताने नेहमी पिच करणाऱ्या मुलांत शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट आढळली होती. ३६ टक्के नव्हे, ३६ पट. हा आकडा पालकांना जसाच्या तसा सांगा.

लाँगटॉस_लव्हर, ११:४४
बाकीच्यांचा दम वाढवायचा तर वजनदार बॉल आणा. सहा आणि सात औंसाचे, आठवड्यातून तीन दिवस. वेग वाढतो, तिसऱ्या इनिंगचा प्रश्नच राहत नाही.

तिसरा_बेस, ११:५१
मॅच शनिवारी आहे, आज बुधवार. आणि नेहमीचा बॉल पाच ते सव्वापाच औंसाचा असतो. तोच ज्यांना तिसऱ्या इनिंगपर्यंत पेलत नाही त्यांच्या हातात सात औंसाचा देणार? वाढीची कूर्चा उघडी असलेल्या वयात हा प्रयोग नकोच.

लाँगटॉस_लव्हर, ११:५८
व्यावसायिक खेळाडू वापरतात तेव्हा चालतं आणि इथे नाही?

मेघना_फिजिओ, गुरुवार सकाळी ६:१५
व्यावसायिक खेळाडूची हाडं पूर्ण वाढलेली असतात आणि रोज बघायला ट्रेनर असतो. तुमच्या नावातलं लाँग टॉस (लांबून कॅच खेळणं) मात्र इथे उपयोगी आहे. ९० फुटांपर्यंत, सपाट रेषेत, दहा मिनिटं. तेवढं जरूर करा.

तिसरा_बेस, ६:४०
वीकेंडकोच, आता स्कोरबुक उघडा आणि चार गोष्टी सांगा.
गेल्या वर्षी ही मुलं मेजर्समध्ये (लिटिल लीगच्या खालच्या वयोगटात) होती का, म्हणजे ४६ फुटांवरून टाकत होती का?
चुकलेले बॉल वर जातात की खाली?
वॉक सुरू होतात तेव्हा बेसवर रनर असतो का?
मॅचआधी वॉर्मअपला किती पिच टाकतात?

वीकेंडकोच, ७:०५
हो, मेजर्समधून थेट आले. बॉल वर जातात, बहुतेक उजव्या बाजूला (दोघंही उजवे). पहिल्या दोन इनिंग्जना प्रत्येकी २२-२३ पिच होतात. रनर असतो की नाही ते... बघितलं, हो, जवळजवळ प्रत्येक वेळी फर्स्टवर कुणीतरी आहे. वॉर्मअप पाऊण तास आधी सुरू करतो, ५०-६० टाकतात. पण ते काउंटमध्ये धरत नाहीत ना?

तिसरा_बेस, ७:३०
काउंटमध्ये धरत नाहीत, हाताला मात्र धरावेच लागतात. बेरीज करा. वॉर्मअप ५५. दोन इनिंग्जचे ४५. प्रत्येक इनिंगआधी माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) सरावाच्या आठ, तिसरी धरून २४. तिसऱ्या इनिंगचा पहिला बॅटर उभा राहतो तेव्हा त्या पोराने १२४ वेळा हात फिरवलेला असतो आणि स्कोरबुकात दिसतात फक्त ४५.
वॉर्मअप असा करा: पहिल्या पिचच्या पंचवीस मिनिटं आधी धावणं आणि हात मोकळे करणं, मग दहा मिनिटं कॅच, मग बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) २० ते २५ पिच, त्यातल्या निम्म्या स्ट्रेचमधून (बेसवर रनर असताना घेतात त्या आखूड पवित्र्यातून). शेवटची पिच मॅचच्या पाचेक मिनिटं आधी. तुमची टीम पाहुणी असेल तर आधी बॅटिंग तुमची, म्हणजे सगळं दहा मिनिटं उशिरा सुरू करा, नाहीतर तापलेला हात डगआउटमध्ये बसून थंड होतो.
वर जाणाऱ्या बॉलचं कारण अंतर आहे. ४६ वरून ६० फूट ६ इंच म्हणजे साडेचौदा फूट जास्त. बॉल पोचवायला मूल मागे झुकतं, पुढचा खांदा आकाशाकडे जातो, हात मागे राहतो आणि बॉल उंच सुटतो. दमला की हे वाढतं. पोनी लीगमध्ये ह्याच वयाला ५४ फूट आणि ८० फुटांचे बेस असतात ते उगीच नाही. आज सरावात ५४ फुटांवरून दहा, मग पूर्ण अंतरावरून दहा, अर्ध्या जोराने. एकच सूचना द्या: पुढचा खांदा कॅचरच्या गुडघ्याकडे. एका वेळी दोन सूचना दिल्या तर एकही पाळली जात नाही. शुक्रवारी फक्त हलका कॅच.
आणि रनर. मेजर्समध्ये बॉल बॅटरपर्यंत पोचेस्तोवर रनर बेस सोडू शकत नव्हता, त्यामुळे स्ट्रेच ह्या मुलांना शिकवलाच गेला नसेल. ज्युनियर्समध्ये लीड घेता येते, म्हणजे पिचआधीच बेसपासून पुढे सरकता येतं. फर्स्टवर कुणी आलं की पोरगं घाईघाईने टाकतं. उपाय सोपा आहे: बेस रिकामे असले तरी स्ट्रेचमधूनच टाकायला लावा. सेट झाल्यावर पूर्ण थांबायचं, कधी एक सेकंद, कधी तीन. फर्स्टला फेकताना पाऊल सरळ बेसकडे, किंवा आधी मागचा पाय रबराच्या (माउंडवरच्या पट्टीच्या) मागे. ह्यात चूक झाली की बॉक (नियमबाह्य हालचाल), आणि रनरला फुकट बेस.

ठाणेकर_७२, ८:१०
मराठी मुलं असतील तर क्रिकेट खेळणारा एखादा असेलच. फास्ट बोलरला माउंडवर उभा करा. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेलला २००८ मध्ये अमेरिकेच्या पिट्सबर्ग पायरेट्स बेसबॉल टीमने घेतलंच होतं की.

तिसरा_बेस, ८:२२
ते दोघं बोलर नव्हते, भालाफेकपटू होते. बोलिंगमध्ये कोपर १५ अंशांहून जास्त सरळ झालं तर चेंडू अवैध, पिचिंगच्या वेगात मात्र त्याच हालचालीचा मोठा वाटा असतो. क्रिकेटमधला मुलगा हवा असेल तर बाउंड्रीवरून विकेटकीपरच्या ग्लव्हजमध्ये सपाट थ्रो करणारा शोधा.

बॅटवाला_काका, ८:३५
पिचिंग जमत नसेल तर रन्स जास्त काढा. बॅट तपासा, २०१८ पासून यूएसए बेसबॉलचा शिक्का लागतो. ज्युनियर्सना बीबीकॉर शिक्क्याची बॅटही चालते. लांबी ३१ किंवा ३२ इंच घ्या.

वीकेंडकोच, ८:४१
काका, बॅटचा प्रश्न नाहीये. उरलेल्या चार इनिंग्ज टाकायच्या कुणी, ते सांगा. अकरा जणांत दोन गेले. दोन स्टार्टर, एक कॅचर जो कधीतरी टाकतो, बाकी कुणी नाही.

हिशोबी_स्कोरर, ९:२०
"बाकी कुणी नाही" असं नसतं, टीममधला कुणीही पिच करू शकतो. आज संध्याकाळी शॉर्टस्टॉप, सेंटर फील्डर, फर्स्ट बेसमन अशा थ्रो सरळ असणाऱ्यांना पूर्ण अंतरावरून दहा-दहा टाकायला द्या. सहा जरी छाती ते गुडघा पट्ट्यात आले तरी तो तुमचा पिचर. वेग बघू नका. तिघं शोधा, फक्त फास्टबॉल आणि बॅटर मागे राहावा म्हणून चेंजअप (त्याच हालचालीने टाकलेला हळू बॉल).
आता विश्रांती. १४ आणि त्याखालच्या वयाला: २० पिचपर्यंत विश्रांती नाही, २१ ते ३५ एक दिवस, ३६ ते ५० दोन, ५१ ते ६५ तीन, ६६ पासून चार. दिवसाची कमाल ९५. सात इनिंग्जना साधारण १२० पिच धरा.
शनिवार: स्टार्टर अ ६५ पर्यंत, मग नवे ब, क, ड प्रत्येकी २०.
रविवार: स्टार्टर इ ५०, मग ब ३५, क ३५. हे दोघं शनिवारी २० वर थांबले म्हणूनच रविवारी मिळतात. २१ वी पिच नव्या बॅटरला टाकली की रविवार गेला.
बुधवार: अ, इ, ब, क चौघंही मोकळे. शनिवारी अ ला ६६ वी टाकू दिली तर तो गुरुवारी मिळेल. एका पिचचा फरक.
बॅटर समोर असताना २० किंवा ६५ चा आकडा गाठला तर तो बॅटर संपवता येतो आणि विश्रांती खालच्या आकड्याचीच धरतात, फक्त पुढच्या बॅटरला एकही पिच टाकायची नाही. ६५ ही कमाल आहे, गाठलीच पाहिजे असं नाही. एका इनिंगमध्ये तिशी ओलांडली तर एकूण कितीही असो, काढा.
कॅचर: चार इनिंग्ज कॅच केल्या की त्या दिवशी पिचिंग बंद. ४१ पिच टाकणाऱ्याला त्या दिवशी कॅचिंग बंद. तुमच्या कॅचरला पिचिंगपासून दूर ठेवा, दुसरा कॅचर आहे कुठे? आणि स्पर्धेचे स्थानिक नियम आजच मागवा, काही ठिकाणी ह्याहून कडक असतात.

ठाणेकर_७२, ९:४५
मग ओपनर (फक्त पहिल्या इनिंगपुरता पिचर) का नाही? टॅम्पा बे रेजने १९ मे २०१८ ला सर्जिओ रोमोला पहिल्या इनिंगपुरता आणला तसा. नवा मुलगा पहिल्या इनिंगला, स्टार्टर दुसरीपासून.

हिशोबी_स्कोरर, १०:०२
रेजचा हेतू वेगळा होता, समोरच्या वरच्या तीन-चार बॅटरांना ठरावीक पिचर द्यायचा. तुमच्या नवख्याला पहिल्याच इनिंगला समोरचे सगळ्यात चांगले बॅटर का द्यायचे? त्यापेक्षा लॉस एंजेलिस डॉजर्सचं २०२४ च्या प्लेऑफचं उदाहरण घ्या. ग्लास्नो आणि कर्शॉ हे स्टार्टर दोघंही दुखापतीमुळे नाहीत, पाद्रेसविरुद्ध चौथी मॅच हरली तर घरी. आठ पिचर वाटून टाकले आणि ८-० जिंकले. कुणालाही दमेपर्यंत ठेवलं नाही.

लाँगटॉस_लव्हर, १०:१५
निदान कर्व्ह (वळणारा बॉल) तरी शिकवा. १३ व्या वर्षी सगळे टाकतात.

मेघना_फिजिओ, १०:२४
मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट ह्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ह्या वयाला क्रम दिलाय: फास्टबॉल आणि चेंजअप भरवशाचे झाल्यावर मग कर्व्ह. इथे फास्टबॉलच वर जातोय. दोन दिवसांत कर्व्ह नाही.

मातीवाला, दुपारी १२:१०
एक कुणी विचारलं नाही: माउंड कसा आहे? मोठ्यांची लीग त्याच मैदानावर खेळत असेल तर रबरापुढे त्यांच्या पावलांचा खड्डा असतो. मुलांची ढांग लहान, त्यांचं पाऊल बरोबर त्या खड्ड्याच्या मागच्या कडेवर पडतं, घोटा वळतो आणि बॉल उंच जातो. शनिवारी अर्धा तास आधी जा. रबरापासून होम प्लेटकडे पायाने रेघ ओढा, पिचरला बॉलशिवाय दोन पिच टाकायला लावा आणि पाऊल कुठे उमटतं ते बघा. खड्ड्यातली सैल माती काढून टाका, थोडं पाणी शिंपडा, ओलसर माउंड क्ले भरा, टॅम्परने ठोका. कोरडी माती नुसती लोटली तर दुसऱ्या इनिंगला खड्डा परत उघडतो, आणि तिसऱ्यात तुमचे वॉक सुरू. पाऊल रेघेच्या तिसऱ्या बेसच्या बाजूला पडत असेल तर तो अंगावरून आडवा टाकतोय, तेही बघून ठेवा.

वीकेंडकोच, संध्याकाळी ७:५०
सरावाला दहा-दहा टाकून घेतल्या. सेंटर फील्डर सात, फर्स्ट बेसमन सहा, सेकंड बेसवालाही सहा. स्ट्रेचमधून स्टार्टर अ चे बॉल खाली आले, इ चे अजून वर आहेत. कोपरवाल्याच्या वडिलांशी बोललो, उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतली. मोठ्यांची लीग शुक्रवारी रात्री त्याच मैदानावर आहे, माउंड क्लेची पिशवी गाडीत टाकली. काउंट कुणी ठेवायचा? मी बेसवर कोचिंगला उभा असतो.

हिशोबी_स्कोरर, ८:०५
डगआउटमध्ये एक पालक, हातात क्लिकर, दुसरं काहीही काम नाही. फाउलही पिच धरायची. प्रत्येक इनिंग संपली की समोरच्या टीमच्या स्कोररशी आकडा जुळवून घ्या, फरक असेल तर तिथल्या तिथे मिटवा. आणि त्या पालकाला सांगून ठेवा: नव्या मुलांना १५, अ ला शनिवारी ६०, इ ला रविवारी ४५ झाले की तुम्हाला हाक मारायची.