मदत हवी आहे: सभागृहासाठी नियम लिहायचाय, पण ‘प्लास्टिक’ नक्की कशाला म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वसाहतीच्या सभागृहात प्लास्टिकची ताटं-पेले चालणार नाहीत, असं सभेत ठरलं. हात सगळ्यांनी वर केले आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं. एका ओळीचा नियम होईल असं वाटलं होतं. तीन आठवडे झाले, पहिलाच शब्द पक्का होत नाहीये.

केंद्राची यादी वाचली आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या ताटल्या, कप, ग्लास, काटे-चमचे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे यांचं उत्पादन, साठवण, विक्री आणि वापर बंद आहे. म्हणजे साधं प्लास्टिक आम्ही वेगळं बंद करायची गरजच नाही. प्रश्न त्याच्या जागी जे येतं त्याचा आहे.

कागदी कपाचंच घ्या. आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो, म्हणून तर तो भिजत नाही. तो थर सुटा केल्याशिवाय कागद पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे हे कप साध्या रद्दीत चालत नाहीत. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार असा कप प्लास्टिकच्या वस्तूंतच मोडतो; त्याच्यावर बंदी नाही, पण ‘यात प्लास्टिक आहे’ अशी खूण छापावी लागते. आमच्याकडे जेवणाचं काम घेणारे मात्र ‘कागदी आहे, चालतंय की’ म्हणून मोकळे होतात.

दुसरं, ‘कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणारं. आपल्या नियमांत प्रमाणित कंपोस्टेबल प्लास्टिकला सूट आहे, युरोपात मात्र पीएलए नावाचा वनस्पतीपासून केलेला पदार्थसुद्धा प्लास्टिकच. या प्रमाणपत्रामागची चाचणी ५८ अंश सेल्सियसच्या आसपास होते. आमच्या कोपऱ्यातल्या खतखड्ड्यात एवढी उष्णता टिकणार नाही. मग कंपोस्टेबल चमचा तिथे टाकून उपयोग काय?

तिसरी गोष्ट माझ्या फार जिवाला लागली आहे. शेजारच्या काकांचे हात थरथरतात, वाकणाऱ्या स्ट्रॉशिवाय त्यांना पिता येत नाही. कागदी स्ट्रॉ गरम पेयात मऊ पडते, धातूची दाताला लागते. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने २०१८ मध्ये स्ट्रॉवर बंदी घातली तेव्हा अशा माणसांसाठी सूट ठेवली होती. आपल्याकडे नियमात राहून काय करता येईल?

कुणी असा नियम प्रत्यक्ष राबवला असेल तर कृपया शब्दरचनेसह सांगा.

प्रतिसाद १

ताई, ‘प्लास्टिक’ हा शब्दच काढून टाका. ‘एकदा वापरून फेकायची कोणतीही वस्तू’ असं लिहा. जर्मनीतल्या ट्युबिंगेन शहराने २०२२ पासून खाद्यपदार्थांच्या एकदाच वापरायच्या वेष्टनांवर आणि भांड्यांवर कर लावला, तो कागद असो की प्लास्टिक, सगळ्यांना सारखाच. त्याविरुद्धची तक्रार तिथल्या घटनात्मक न्यायालयाने फेटाळली. वस्तू कशाची आहे यावर वाद घालायला जागाच उरत नाही.

लगद्याच्या वाट्या आणणार असाल तर एक विचारून घ्या: तेल झिरपू नये म्हणून त्यात पीएफएएस रसायनं घातली आहेत का? ती निसर्गात मोडत नाहीत, खतात तशीच उतरतात. अमेरिकेतल्या एका प्रमुख प्रमाणन संस्थेने २०२० पासून अशा भांड्यांना कंपोस्टेबल म्हणणं बंद केलं.

काकांसाठी धुता येणारी सिलिकॉनची स्ट्रॉ बघा. मऊ असते, वाकते आणि बंदीच्या यादीत येत नाही. दोन-चार सभागृहातच ठेवा, म्हणजे कुणाला मागायचा संकोच नको.

धागाकर्ती

मनापासून आभार! सिलिकॉनचं सुचलंच नव्हतं, आज काकांना विचारते. शब्दही तुमचेच घेते.

आता खरी अडचण धुण्याची. सभागृहात एकच नळ आहे आणि दोनशे माणसांची ताटं. भांडी मोजून देणं, परत घेणं, धुऊन ठेवणं हे नियमात कुणाच्या नावावर लिहायचं: कार्यक्रम करणाऱ्यांच्या, जेवण देणाऱ्यांच्या की समितीच्या? आणि हरवलेल्या ताटाची भरपाई अनामत रकमेतून कापली तर लोक ऐकतात का? ज्यांनी केलंय त्यांनी जरूर सांगा, रविवारी मसुदा वाचायचाय.