रुग्णालय उभं केलं कुणी: दानाने की वैद्यकाने?

शेवंती:
रुग्णालयांचा इतिहास निघाला की आपण डॉक्टरांचीच नावं घेतो. मला हे पटत नाही. रुग्णालय दानातून जन्माला आलं. वैद्यकाचा हात त्याला फार उशिरा लागला. ऐपत असलेल्याच्या घरी वैद्य येतच होता. ज्याला घरच नाही त्याने आजारपणात जायचं कुठे, या गरजेतून ही संस्था उभी राहिली. आजच्या तुर्कस्तानातल्या सिझेरियात सन ३७० च्या सुमारास, दुष्काळ होऊन गेल्यावर, बिशप बेसिलने आजारी, कुष्ठरोगी आणि वाटसरू यांच्यासाठी गावाबाहेर वसाहतच बांधली. आपलं जे. जे. १८४५ साली सुरू झालं, तेही सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख रुपये पुढे केले म्हणून.

काटेकोर:
साफ असहमत. दानातून छप्पर मिळतं, उपचार मिळतातच असं नाही. पॅरिसचं ओतेल-द्यू हे रुग्णालय शतकानुशतकं धर्मादाय चाललं. जाक तेनों या शल्यविशारदाने १७८८ साली त्याचं वर्णन छापलं, ते वाचवत नाही. एकेका खाटेवर चार-चार, सहा-सहा जण. बरा होऊ पाहणारा मरणाऱ्याला चिकटून झोपलेला. दाखल झालेल्या चार-पाचांतला एक दगावायचा. याउलट कैरोत सुलतान कलाऊनने १२८४ साली उभारलेला बिमारिस्तान बघा: ताप, डोळे, शस्त्रक्रिया यांचे वेगवेगळे विभाग, बायकांची स्वतंत्र सोय, औषधशाळा, शिवाय शिकवायला दालन. रुग्णालय म्हणावं ते याला.

शेवंती:
आणि तो बिमारिस्तान चालायचा कशावर? वक्फच्या उत्पन्नावर. म्हणजे पुन्हा दानच!

पालारकाठ:
दोघेही भारताबाहेरच फिरताय. अशोकाच्या गिरनारच्या लेखात माणसांची आणि जनावरांची चिकित्सा आहे, औषधी वनस्पती लावल्याचं आहे, पण इमारतीचा उल्लेख नाही. तेव्हा त्यावरून ‘जगातलं पहिलं रुग्णालय आमचं’ म्हणू नये. त्यापेक्षा भक्कम पुरावा कांचीपुरमजवळच्या तिरुमुक्कुडलच्या मंदिरात आहे. वीरराजेंद्र चोळाच्या काळातला, साधारण १०६९ चा शिलालेख. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी आणि मंदिरातल्या नोकरांसाठी १५ खाटांचं रुग्णालय. एक वैद्य, एक शस्त्रक्रिया करणारा, औषधी आणि सरपण आणणारे दोघे, शुश्रूषेला दोन बायका, एक न्हावी. यातल्या कुणाला मोबदला म्हणून किती भात (धान्य) द्यायचं तेही कोरलंय. रात्रभर दिवा जळायची तजवीज आहे, वर्षभर साठ्यात ठेवायच्या औषधांची नावं आहेत. हा सगळा खर्च मंदिराच्या हिशेबात. आता यात दान कुठे संपतं आणि वैद्यक कुठे सुरू होतं, सांगा.

शेवंती:
लेख मोलाचा आहे, माझ्याच बाजूचा धरते. काटेकोर, तुमचं वैद्यक आत शिरल्यावर काय झालं ते व्हिएन्नात दिसतं. तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी बघायचे त्या विभागात बाळंतज्वराने बायका भराभर जायच्या. सुईणींच्या विभागात कितीतरी कमी.

काटेकोर:
हो, कारण हे लोक शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला तपासायला यायचे. पण हे हुडकलं कुणी? त्याच विभागातल्या सेमेलवाइस या डॉक्टरने. १८४७ च्या एप्रिलमध्ये तिथे मृत्यूंचं प्रमाण १८ टक्क्यांवर होतं. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केल्यावर काही महिन्यांत ते २ टक्क्यांच्या आसपास उतरलं. मृत्यूंच्या नोंदी नसत्या, तर दोन विभागांतला हा फरक कुणाच्या लक्षातच आला नसता. कितीही पैसे दिले तरी हे दानाने साधलं नसतं.

सिस्टर_निवृत्त:
माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली, म्हणून बोलते. देणगीदार झाले, डॉक्टर झाले. झाडणारे, धुणारे, रात्रपाळीला जागणारे तुमच्या वादात कुठेच नाहीत. क्रिमियन युद्धाच्या वेळी, इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात नाइटिंगेल १८५४ च्या नोव्हेंबरात पोचल्या. परिचारिका होत्या, डॉक्टर होते, लोकांनी पाठवलेला पैसाही होता, तरी त्या हिवाळ्यात सैनिक मरतच राहिले. १८५५ च्या मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला, इमारतीखालची तुंबलेली गटारं साफ झाली, हवा खेळती झाली, तेव्हा कुठे मृत्यू झपाट्याने घटले. नाइटिंगेल यांनी पुढे रुग्णालयांच्या बांधणीवर लिहिलं, ते यामुळेच. पालारकाठ यांनी सांगितलेल्या लेखात शुश्रूषेच्या दोन बायकांचा मोबदला वैद्याच्या मोबदल्याबरोबर दगडात कोरलाय. मला त्या लेखात सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हेच.