लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरने वायरिंगची वाट लावली, तक्रार नेमकी कुठे करायची? (नाशिक)

पूर्वा_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. इंदिरानगरला आमचं रो-हाऊस आहे, बाबांनी नव्वदच्या दशकात घेतलेलं. दिवाळीनंतर पूर्ण रिवायरिंग करून घेतलं. कॉन्ट्रॅक्टर सरकारी लायसन्सवाला, लेटरहेडवर लायसन्स नंबर, कोटेशनवर सही-शिक्का. १ लाख ३५ हजारांत ठरलं. ९० हजार यूपीआयने दिले, बाकी रोख. पक्कं बिल अजून नाही, "देतो ताई, सीए गावाला गेलाय" चालू आहे.

आता बाथरूममध्ये आईला गीझरच्या नळाला हात लावताना झटका बसला. थोडक्यात निभावलं. दुसऱ्या वायरमनने बोर्ड उघडला तर कोटेशनमधली ४ एमएमची वायर आत १ ची निघाली. सॉकेटला अर्थिंगची वायर आलेलीच नाही. न्यूट्रलच्या स्क्रूवरून बोटभर हिरव्या वायरचा तुकडा घेऊन तो अर्थच्या पिनेला जोडलाय, म्हणजे वरवर बघणाऱ्याला वाटावं अर्थिंग आहे. तो न्यूट्रल पुढे जॉइंटला सैल होता, त्यामुळे करंट थेट गीझरच्या बॉडीत. कोटेशनमध्ये आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारं स्विच) लिहिलाय, डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य स्विचबोर्डात, बसवलाय साधा आयसोलेटर (नुसतं चालू-बंदचं स्विच).

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो गीझर जुना आहे, बदला. आता फोनच उचलत नाही. लायसन्स आहे ना, मग ते देणारं कुणीतरी असेल ना वर? या भांडणासाठी माझं बजेट ५ हजार. वकील सुचवू नका प्लीज.

सातपूरकर
चांगला वकील करा ताई. सीबीएसजवळ कोर्टासमोर रांगेने बसलेत. २५-३० हजारांत कडक नोटीस आणि केस दोन्ही होईल. माझ्या मेव्हण्याने केली होती, फर्निचरवाला दुसऱ्या दिवशी घरी हजर.

पूर्वा_इंदिरानगर
दादा, ५ हजार.

सातपूरकर
हो पण जिवाचा प्रश्न आहे, पैशाकडे काय बघायचं.

गोदाकाठ_६२
आमच्या पंचवटीतल्या वाड्यात वडिलांच्या वेळची लाकडी पट्टीवरची वायरिंग आहे. आजतागायत कुणाला झटका नाही. त्या वायरमनला लायसन्स होतं की नाही देव जाणे, पण अर्थिंगचा खड्डा त्याने कोळसा-मीठ घालून स्वतः भरला होता. आम्ही पोरं बाजूला बसून बघायचो. आता सगळं भिंतीच्या आत, म्हणजे पापही आतच.

हर्षल_जीआर
मी गंगापूर रोडच्या फ्लॅटला प्रत्येक पॉइंटला ४ एमएम टाकली. हो, ट्यूबलाइटलासुद्धा. वायरची बंडलं स्वतः आणली, स्वतः मोजली, काम चालू असताना ऑफिसला रजा टाकून उभा राहिलो. ३ लाख गेले पण डोक्याला ताप नाही. तुम्ही पण सगळं उखडून परत करा, दोनेक लाखांत होईल.

निवृत्त_पारेषण
ट्यूबलाइटला ४ एमएम म्हणजे निव्वळ पैशाची उधळपट्टी. लाइटच्या सर्किटला दीड पुरते. स्विचच्या टर्मिनलमध्ये ती जाडी कोंबताना तुमच्या वायरमनने शिव्या घातल्या असतील.

हर्षल_जीआर
माझा पैसा, माझी ट्यूबलाइट.

अॅड_नाही_पण
महारेरात टाका ना. ५ वर्षांची गॅरंटी असते कायद्याने. ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावं लागतं.

उपनगरवाला
ते बिल्डरसाठी आहे हो. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर. जुन्या घराची दुरुस्ती करणारा कॉन्ट्रॅक्टर रेराच्या कक्षेत कुठून येणार?

अॅड_नाही_पण
मी फक्त पर्याय सुचवला.

निवृत्त_पारेषण
पूर्वाताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ही दोन वेगळी दारं आहेत आणि लोक एकाच दारावर दोन्ही गोष्टी मागत बसतात.

इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं. ते स्थगित किंवा रद्द करायचा अधिकारही त्यांचाच. तुमच्या पातळीवर अर्ज द्यायचा विद्युत निरीक्षकाकडे, त्यांचं कार्यालय नाशिकमध्ये आहे. वर मंडळाला प्रत. महावितरणकडे धाव घेऊन उपयोग नाही, मीटरच्या पुढची वायरिंग त्यांची नव्हे. अर्जात लायसन्स नंबर लिहा, कोटेशनची झेरॉक्स जोडा. आणखी एक मुद्दा आवर्जून टाका: काम करायला आलेल्या पोरांकडे वायरमनचं परमिट होतं का, आणि सुपरवायझर एकदा तरी साइटवर आला का? लायसन्स असलं की ही माणसं असावी लागतात. बऱ्याच ठिकाणी लायसन्स एकाचं आणि काम भलत्याच पोरांचं असतं, आणि कॉन्ट्रॅक्टर तिथेच सापडतो.

पण मंडळ तुमचे पैसे परत मिळवून देणार नाही. ते दुसरं दार, ग्राहक आयोग.

आणि तो हिरवा तुकडा काढून फेकला नाहीत ना? सॉकेट उघडं ठेवून फोटो काढा, वायरवर छापलेला साइज आणि आयएसआय मार्क वाचता येईल असा जवळून. दुसऱ्या वायरमनकडून काय आढळलं ते परमिट नंबरासकट लिहून घ्या. तोवर गीझरचा एमसीबी खाली.

सिडको_चौक
ग्राहक आयोगच. मी टाइल्सवाल्यावर केली होती. समोरच्याच्या वकिलाने तारखांवर तारखा घेऊन नाकी नऊ आणले. कायद्यात तीन महिने लिहिलंय, ते कागदावर.

उपनगरवाला
आयोगाचं थोडं नीट सांगतो, कारण इथे अर्धवट माहिती फिरते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यातच दाखल करता येते. ऑनलाइन पूर्वी ई-दाखिल होतं, आता ई-जागृती. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून बघा, कधीकधी तेवढ्यानेच माणूस जागा होतो. म्हणजे ताईंच्या ५ हजारांतले साडेचार उरतीलही.

सातपूरकर
पण बिलच नाही तर केस कशी उभी राहणार? म्हणून म्हणतो वकील.

उपनगरवाला
यूपीआयची नोंद आहे, सही-शिक्क्याचं कोटेशन आहे. आणि बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. उलट तक्रारीत एक मुद्दा वाढला. रोखीचे ४५ हजार मात्र सिद्ध करायला जड जातील. व्हॉट्सअॅपवर "बाकीचे मिळाले" असं काही त्याने लिहिलंय का बघा.

पूर्वा_इंदिरानगर
अंगठा पाठवलाय त्याने. 👍 चालेल?

उपनगरवाला
कशाच्या उत्तरात पाठवलाय त्यावर आहे. स्क्रीनशॉटमध्ये तुमचा मेसेज आणि तारीख दोन्ही दिसू द्या.

गोदाकाठ_६२
आधी रजिस्टर एडीने नोटीस पाठवा.

अॅड_नाही_पण
काका, रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं, २०२५ मध्ये.

गोदाकाठ_६२
मग पोचपावती?

अॅड_नाही_पण
ती मिळते, मागून घ्यायची.

गोदाकाठ_६२
चांगलं चाललेलं काही म्हणून ठेवायचं नाही.

सिडको_चौक
आरसीसीबी आणि आयसोलेटर मधला फरक कसा ओळखायचा? दोन्ही सारखेच दिसतात.

निवृत्त_पारेषण
आरसीसीबीवर छोटं टेस्टचं बटण असतं, ‘टी’ लिहिलेलं. शिवाय ३० मिलीअँप असा आकडा छापलेला असतो. बटण दाबलं की तो पडायलाच हवा. आयसोलेटरला बटण नसतं, ते नुसतं मोठं स्विच. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस. घरात दोन्ही हवेत.

सिडको_चौक
आत्ता जाऊन बघितलं. आमच्याकडे बटण आहे, दाबलं, पडत नाही.

हर्षल_जीआर
माझ्याकडे पडला. वायफाय गेलं, बायको ओरडली. पण पडला.

निवृत्त_पारेषण
सिडको_चौक, तुमचा बदलायला झालाय किंवा त्याच्यापर्यंत सप्लायच नीट जोडलेला नाही. उद्यावर ढकलू नका.

जेलरोड_निनाद
ताई, मी सांगतो ते करा. कॉन्ट्रॅक्टरच्या पुढच्या साइटवर जाऊन घरमालकासमोर सगळं सांगायचं. पंधरा मिनिटांत पैसे परत. आम्ही केलंय.

उपनगरवाला
आणि बदनामीची उलटी नोटीस आली की मग सातपूरकरांचा वकील.

पूर्वा_इंदिरानगर
सगळ्यांचे आभार. घरात बोलणं झालं, ठरलं ते सांगते.

आयोगात जाणार नाही. मला माहितीये तुम्ही सगळे ओरडाल. मी सोमवार ते शुक्रवार पुण्यात असते, तारखांना बाबांना पाठवावं लागेल आणि त्यांचा रक्तदाब मला आयोगापेक्षा जास्त माहितीये. त्याच वायरमनकडून गीझरची लाइन, आरसीसीबी आणि मागच्या बाजूला नवीन अर्थिंग करून घेतेय, वेगळ्या पैशांतून.

विद्युत निरीक्षकांकडे अर्ज मात्र केलाय. सुपरवायझर आलाच नव्हता हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात टाकला, फोटो जोडले, मंडळाला प्रत स्पीड पोस्टाने. हिरवा तुकडा पाकिटात घालून ठेवलाय. आतापर्यंतचा खर्च झेरॉक्स आणि पोस्टाचा.

सातपूरकर
म्हणजे १ लाख ३५ हजार त्याला बक्षीस?

उपनगरवाला
दोन वर्षं मुदत आहे, मन बदललं तर दार उघडं राहील. पण नवीन काम करताना जुनी वायर ओढून काढाल ती भंगारात देऊ नका, ठेवा.

निवृत्त_पारेषण
अर्जाचा आवक क्रमांक घेतलात का? नसेल तर परत जाऊन पोच घ्या. त्याशिवाय पाठपुरावा करता येत नाही.

पूर्वा_इंदिरानगर
घेतलाय काका, प्रतीवर शिक्का आणि नंबर दोन्ही.

सिडको_चौक
तो तुमचा वायरमन सिडकोत येईल का? आरसीसीबी बदलायचाय. व्यनि (खासगी मेसेज) करा.

पूर्वा_इंदिरानगर
करते. परमिट दाखवायला सांगा, तो न चिडता दाखवतो.

हर्षल_जीआर
वायर मात्र तुम्ही आणा. ४ एमएम.