अनुभव धागा: मुलांसाठी लावलेला चित्रपट आणि आपण

मुलांसाठी म्हणून लावलेला ॲनिमेशनपट पाहताना आपलेच डोळे भरून यावेत, असा प्रसंग अनेक पालकांवर येतो. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा १९८८ सालचा ‘माय नेबर तोतोरो’ हा त्यांपैकीच एक. आई रुग्णालयात असताना दोन बहिणी वडिलांसोबत खेड्यातील जुन्या घरात राहायला येतात आणि शेजारच्या रानातला अवाढव्य, केसाळ तोतोरो त्यांना भेटतो, एवढेच कथानक. त्यात खलनायक नाही. मराठवाड्यातील आपण मंडळींनी हा चित्रपट मोठेपणी पाहिला तेव्हा काय वाटले, ते मोकळेपणाने लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

केज: मी लहान असताना आईला दीर्घकाळ अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात ठेवले होते. माझ्या मुलीला तोतोरोच्या पोटावर झोपणारी चार वर्षांची मेई आवडली. मी मात्र रुग्णालयात आई थोरल्या सात्सुकीचे केस विंचरते, त्या प्रसंगावरच थांबले. आम्ही भेटायला गेलो की माझी आईही आधी माझी वेणी सोडायची, तेल लावायची आणि पुन्हा घट्ट घालायची, कारण आजीने घातलेली वेणी तिला कधीच पसंत पडत नसे. पुढे रुग्णालयाची तार येते आणि तोवर घर सांभाळणारी सात्सुकी, आई दगावली तर काय, या भीतीने हंबरडा फोडते. हा प्रश्न आम्हा भावंडांपैकी कोणीही कधी तोंडातून काढला नव्हता. मियाझाकी यांच्या आईनेही मणक्याच्या क्षयामुळे अनेक वर्षे आजारपणात काढली होती, हे मी नंतर वाचले.

लातूर: २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी आम्ही पाहिलेले आहे. त्यामुळे बसथांब्यावरचा तो पाऊस आणि छत्रीवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजाने हरखून गेलेला तोतोरो मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला. त्याचा तो आनंद मला जराही बालिश वाटला नाही.

धारूर: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वर्गातील कित्येक मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच परततात. तोवर मुले आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. रानातले ताजे खाल्ले की आई बरी होईल, या समजुतीने मेई मक्याचे कणीस उराशी धरून एकटीच रुग्णालयाच्या वाटेला लागते, तेव्हा वर्गात एकदम शांतता पसरली. एका मुलाने विचारले, “बाई, तिला रस्ता कुणी सांगितला?” मला उत्तर सुचले नाही. मुलांना रमवण्यासाठी निवडलेला चित्रपट त्यांच्याच घरचा निघाला, आणि तरीही संपल्यावर तो पुन्हा लावण्याचा आग्रह त्यांनीच धरला.

नांदेड: मला वडिलांचे वागणे पटले नाही. पत्नी आजारी असताना चार वर्षांच्या मुलीला अंगणात सोडून ते लिखाणात गढून जातात, हे बाप म्हणून पाहवत नाही. मात्र तोतोरो दिसल्याचे मुलगी सांगते तेव्हा तिला खोटे न पाडता ते दोघींना कापराच्या जुन्या झाडापाशी नेतात आणि नमस्कार करून त्याचे आभार मानतात, हे मनापासून आवडले.

जालना: आमच्याकडे सासूबाई, मुलगा आणि मी, असे तिघांनी तो पाहिला, खालची इंग्रजी वाक्ये मी मराठीत सांगत होते. तळ्यात चप्पल सापडते आणि सारा गाव मेईला शोधू लागतो, तेव्हा सासूबाई उठून उभ्या राहिल्या. विहिरीत उतरून पोर शोधणारी माणसे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली आहेत. मेई सापडल्यावर मुलगा मांजरबसवर, म्हणजे मांजराच्या रूपातल्या बसवर, खूश होता, पण आई घरी आली का, एवढेच त्या विचारत राहिल्या. आईचे घरी परतणे अखेरच्या नामावलीतील चित्रांत दाखवले आहे, म्हणून घरात वडीलधारे असतील तर नामावली संपेपर्यंत टीव्ही बंद करू नये.