इलेक्ट्रिक पिकअपसाठी घरीच जॅक-संच जुळवायचा आहे: किती टनांचा जॅक, कसला ठोकळा, कोणता पाना?

उघडीवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक पिकअप आहे, वजन साधारण ३२०० किलो, एअर सस्पेन्शन (हवेच्या फुग्यांवर उंची कमी-जास्त होणारं), टायर २७५/६५ आर२०. पूर्ण मापाची स्टेपनी वेगळी घेतली, पण तिच्यासोबत जॅक नाही. चाक बदलण्याचा पूर्ण संच स्वतः जुळवून एका पेटीत ठेवायचा आहे.

सस्पेन्शन सर्वांत उंच ठेवून सपाट जमिनीवर जॅक लावायची जागा मोजली, ती ३४० मिमी भरली. तिथे ॲल्युमिनियमच्या जाड भागात गोल खाच आहे, व्यास ३० मिमी, खोली २० मिमी. ६ टनांचा बाटली जॅक घ्यावा असं मनात आहे. ३ टनांचा पुरेल का? आणि खाचेत बसेल असा ठोकळा कशाचा करावा?

आटेमास्तर

आधी उंची मोजा, टनांचा हिशेब त्यानंतर. एका कोपऱ्याचं चाक उचलताना जॅकवर ८०० ते १००० किलोच येतात, त्यामुळे २ टनांचाही तत्त्वतः चालतो आणि ३ टनांचा निर्धास्त चालतो. संच फसतो तो बहुतेक वेळा जॅक गाडीखाली शिरत नाही म्हणून, किंवा शिरतो पण चाक जमिनीवरून सुटेपर्यंत त्याची उंची संपते म्हणून.

तुमच्याच आकड्यांवर करू. २७५/६५ टायरची बाजू जवळपास १७९ मिमी उंच असते. हवा पूर्ण गेली की रिम जवळजवळ रबरावर बसते आणि तो कोपरा सुमारे १२० मिमी खाली येतो. एअर सस्पेन्शन हे भरून काढत नाही, कारण त्याचे सेन्सर बॉडी आणि सस्पेन्शनमधलं अंतर मोजतात, जमिनीपासूनचं नाही. म्हणजे ३४० चे २२० मिमी उरले. त्यातून खालच्या फळीचे ४२ आणि वरच्या ठोकळ्याचे २५ वजा करा. जॅकला उरले १५३ मिमी. साधा ६ टनांचा बाटली जॅक मिटलेल्या अवस्थेतच २०० मिमीच्या आसपास असतो. तो शिरणारच नाही.

आता वरची बाजू. हवा भरलेलं चाक बसवायला जॅकची जागा पुन्हा ३४० वर हवी, शिवाय सस्पेन्शन लोंबून आणखी खाली येतं ते धरायचं, आणि वर ३० मिमी मोकळी जागा. सस्पेन्शन आधीच सर्वांत उंच केलेलं असेल तर लोंबायला फार काही उरत नाही, ३० मिमी धरू. एकूण ४००. त्यातून तेच ६७ वजा केले की जॅक ३३३ मिमीपर्यंत उघडला पाहिजे.

म्हणून क्रम असा ठेवा: सस्पेन्शन सर्वांत उंच करायचं, मग जॅक मोड (सस्पेन्शनने आपोआप उंची बदलणं बंद करणारी सेटिंग) चालू करायचा, मग बाकी सगळं. मॅन्युअल वेगळी उंची सांगत असेल तर मॅन्युअल ऐका आणि हा हिशेब त्या उंचीवर पुन्हा करा. जॅक मोड विसरलात तर गाडी उचलली जातेय हे सस्पेन्शनला "बॉडी वर गेली" असं दिसतं आणि ते हवा सोडायला लागतं. तुम्ही जॅक फिरवताय आणि गाडी खाली येतेय, असा प्रकार होतो.

तुमच्या मापाला ३ टनांचा कात्री जॅक (स्क्रू फिरवला की कात्रीसारखे हात उघडून उचलणारा) घ्या. मिटल्यावर ११० मिमीच्या आत आणि उघडल्यावर ३९० च्या पुढे असेल असा बघा.

पोलादपट्टी

कात्री जॅकच्या बाजूने मीही आहे, पण त्याची एक कमजोरी माहीत हवी. जॅक जितका मिटलेला, तितका स्क्रूवर ताण जास्त. हात २०० मिमीचे असतील तर १५३ मिमी उंचीला ते आडव्यापासून जेमतेम १५ अंशांवर असतात. तेव्हा १००० किलो उचलायला स्क्रूवर सुमारे ३७०० किलोंचा ताण येतो. ३३३ मिमीला हात ४५ अंशांवर येतात आणि ताण १००० वर उतरतो. सुरुवातीचे पाच-सहा सेंटिमीटरच स्क्रू खातात. म्हणून २ टनांचा हलका जॅक घेऊ नका, आणि आट्यांना मोलिब्डेनमचं ग्रीस लावून ठेवा. कोरड्या आट्यांवर इम्पॅक्ट रेंच (ठोके देत फिरवणारं यंत्र) चालवला की नटाचे आटे तापून सोलले जातात. इम्पॅक्टने फिरवायचंच असेल तर थोडं फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा.

ठोकळ्याबद्दल. एचडीपीई किंवा पॉलियुरेथेन या कडक प्लास्टिकचा ७५ मिमी व्यासाचा गोल दांडा घ्या आणि लेथवर दोन पायऱ्यांचा करून घ्या. खालचा भाग ७५ मिमी व्यासाचा, २५ मिमी जाड. वरची खुंटी २८ मिमी व्यासाची, म्हणजे ३० च्या खाचेत सैलसर, आणि उंची १६ मिमी. खाच २० मिमी खोल आहे, म्हणून खुंटी तळाला टेकणार नाही. हे मुद्दाम करायचं. गाडीचा भार खांद्यावर, म्हणजे ७५ मिमीच्या सपाट कडेवर यायला हवा. खुंटी लांब झाली तर सगळं वजन २८ मिमीच्या टोकावर येतं, ठोकळा डुगडुगतो आणि ॲल्युमिनियमला वळ पडतात. खुंटीला मधोमध खाचणी करून एक ओ-रिंग बसवा. ठोकळा खाचेत दाबला की तो लोंबून राहतो आणि दोन्ही हात जॅकला मोकळे मिळतात. खालच्या तोंडाला जॅकच्या माथ्याच्या मापाची ६ मिमी खोल खोबणी काढा, नाहीतर प्लास्टिक लोखंडावर घसरतं. खोबणीने उंची ६ मिमी कमी होते, तेवढी हिशेबात धरा.

लाकडाचा ठोकळा नको. जॅकच्या माथ्याच्या कडा त्यात रुततात आणि तो शिरेवर दुभंगतो. रबराचाही नको, दाबाखाली बाजूला फुगतो.

बॅटरीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण इथे चूक झाली तर दुरुस्ती अवाढव्य होते. दोन्ही बाजूंच्या मधल्या सपाट तळाशी बॅटरी पॅक आहे. त्याचं झाकण जाड दिसतं, पण ते दगड-चिखलापासून रक्षण करायला असतं, गाडीचं वजन एका बिंदूवर पेलायला नाही. झाकण आत दबलं तर कूलंटचे मार्ग आणि सेलपर्यंत इजा पोहोचू शकते. जॅक, स्टँड, फळी, काहीच त्याला टेकता कामा नये. नारिंगी वेष्टनाच्या केबल दिसतात तिथून तर हात लांबच ठेवा.

उघडीवाट

दोघांचे आभार, बाटली जॅक रद्द. फळी ४२ मिमी कशी धरली? आणि गाडी जॅकवरून सुटलीच तर अडवायला स्टँड कुठे लावायचा? कोपऱ्याला जॅक लावायची जागा एकच आहे.

आटेमास्तर

१८ मिमी प्लायवूडचे दोन थर, शिरा एकमेकींना आडव्या ठेवून, पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाने चिकटवायचे. ते ३६ झाले. वर जॅकच्या पायाखाली ६ मिमी पोलादी पत्रा. फळी ३०० × ४०० मिमी. जॅकचा पाया १२० × १४० मिमीचा असतो. १००० किलोला तो जमिनीवर सुमारे ५८० किलोपास्कल दाब देतो, मऊ मातीत रुततो. फळीने तोच दाब ८२ वर येतो. पत्र्याच्या चारही बाजूंना प्लायवर २० मिमीच्या पट्ट्या स्क्रूने ठोका, म्हणजे जॅक सरकणार नाही. फळीच्या खालच्या बाजूला जुन्या टायरच्या रबराचा तुकडा लावलात तर ओल्या डांबरावर धरून बसते. पण त्याची जाडीही उंचीतून जाते, ती मोजा.

स्टँडचा प्रश्न योग्य आहे. एकच जागा असेल तर स्टँडला जागा नाही, आणि वाटेल तिथे लावायचा नाही. त्याऐवजी सुटं चाक कामाला लावा. पंक्चर चाक काढायच्या आधी स्टेपनी आडवी करून जॅकच्या मागे उंबऱ्याच्या (दारांखालच्या पट्टीच्या) कडेखाली सरकवा, पॅकच्या बाहेर. आडवं चाक २८० मिमीच्या आसपास भरतं, उंबरा ४०० वर असेल तर मध्ये १२० ची फट राहते. त्यावर ४० मिमीच्या दोन फळ्या ठेवा. फट ४० उरली. गाडी घसरली तरी ४० मिमीवर अडते. चाक काढलं की पंक्चर चाक तिथे आणि स्टेपनी हबवर (चाक जिथे बसतं त्या भागावर), अशी अदलाबदल. अदलाबदल करताना त्या रिकाम्या क्षणात गाडीखाली हातही घालायचा नाही. पायाने ढकला.

रस्ताधार

चाकांना ठोकळे लावण्याचं कुणी लिहिलं नाही. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो. मागचं चाक उचललं की ब्रेक लागलेल्या दोन चाकांपैकी एक हवेत. त्यामुळे तिरकस समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच. ते उताराच्या बाजूला घट्ट बसवायचे, नुसते टेकवायचे नाहीत. १०० × १०० मिमी लाकडाचे ४५ अंशात कापलेले, खाली रबर ठोकलेले चार करा. दोन त्या तिरकस चाकाला, दोन जास्तीचे.

आता पाना. नट जमिनीवर असताना अर्धा फेरा सैल करायचे, उचलल्यावर नाही. नटाच्या अचूक मापाची षटकोनी, पातळ भिंतीची गोटी (सॉकेट) घ्या. बारा कोनी गोटी कडा गोल करते. ब्रेकर बार (घट्ट नट सोडवायचा लांब दांडा) ६० सेंमीचा आणि गोटी रिममध्ये खोल जाईल असं १५० मिमीचं एक्स्टेन्शन. रिव्हियन आर१टीचे नट १७५ न्यूटन-मीटरने आवळायचे असतात, फोर्ड एफ-१५० लाइटनिंगचे २०४ ने. २०४ म्हणजे ६० सेंमीच्या बारच्या टोकाला ३५ किलोंचा जोर. गंजलेला नट सुटायला त्याच्या दुप्पट लागू शकतो, म्हणून लांब बार. बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच सोयीचा आहे, पण थंडीत त्याची बॅटरी ढेपाळते. बार पेटीत असलाच पाहिजे.

शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच (टॉर्क म्हणजे आवळायचा जोर, तो मोजून देणारा पाना). सगळे नट हाताने बसवा, मग चाक नुकतं टेकलं की चांदणी काढल्यासारखे समोरासमोर अर्ध्या टॉर्कवर, मग पूर्ण वजन आल्यावर पूर्ण टॉर्कवर. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. घर्षण कमी झालं की तोच टॉर्क स्टडला (नट बसतो त्या आट्यांच्या खुंटीला) जास्त ताणतो आणि तो लांबतो. पुन्हा १०० किमीच्या आसपास टॉर्क तपासा. ॲल्युमिनियमच्या रिमवर नट थोडा बसतो, हे नेहमीचं आहे.

या मापाचं चाक ४० किलोच्या घरात जातं. हबवर चढवायला एक मीटरची फळी टायरखाली तिरकी घाला आणि पायाने टोक दाबा. कंबर वाचते.

पोलादपट्टी

पेटीत पंक्चरच्या रबरी कांड्या आणि कंप्रेसर वरच्या थरात ठेवा. टायरच्या पट्ट्यातला ६ मिमीपर्यंतचा खिळा चाक न काढताच निभावतो, बाजू फाटली तरच जॅक उघडायचा. तुमच्या टायरमध्ये आवाज शोषणारा फोम असेल तर कांडी चालते, पण बाटलीतलं पातळ सीलंट घालू नका. फोम ते शोषून घेतो, भोकापर्यंत पुरेसं पोहोचत नाही, आणि चाकाचा तोल बिघडतो तो वेगळाच.

आणि जॅक पेटीत सुटा ठेवू नका. दोन पट्टे आणि तळाशी एक खोबणी करा. धक्क्यात स्क्रूचं टोक वाकलं तर हँडल बसत नाही, आणि ते रस्त्यावर कळतं. पेटी भरल्यावर एकदा गाडी सपाट जागी ठेवून पूर्ण क्रम करून पाहा, तोही टायरची हवा खरोखर सोडून. १५३ मिमीचं माप कागदावर बसतं, पण जॅकचं हँडल उंबऱ्याला आपटतं का, ते हवा सोडल्याशिवाय दिसत नाही.